नाव ठेवणं, नावं ठेवणं

मूल जन्मलं की त्याचं नाव ठेवतात आणि ते मोठं झालं की त्याला नावं ठेवतात. मराठीनं एवढ्या दोन क्रियांत माणसाच्या सार्वजनिक आयुष्याचा सगळा हिशोब मांडून ठेवला आहे. मधल्या काळात तो नाव कमावतो, नाव काढतो, नाव घालवतो किंवा बुडवतो. या सगळ्या वाक्प्रचारांत एक गोष्ट समान आहे. नाव आपलं असलं तरी ते राहतं दुसऱ्याच्या तोंडी. आपण फार तर वागू शकतो. नाव राखायचं की बुडवायचं हे शेवटी चार माणसं ठरवतात.

भद्रावतीच्या माणसाला नावाचा घोळ सवयीचा आहे. गाव भद्रावती, पण रेल्वेचं स्टेशन भांदक. दारूगोळ्याचा कारखाना गावाला लागून, पण त्याच्या नावात चांदा. इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं, तर बहुतेकदा आधी उभं राहतं ते कर्नाटकातलं, पोलादाच्या कारखान्याचं भद्रावती. भद्रनागाचं मंदिर, विजासनची लेणी आणि पार्श्वनाथाचं देऊळ असलेलं आपलं गाव जरा खाली, मागून येतं. त्यात कुणाचं वाईट नाही. पण याच गावात कुणाचं लॉज असेल, दवाखाना असेल, शिकवणी असेल, तर तो शोधात कुठे उभा आहे आणि त्याच्या नावाखाली लोकांनी काय लिहून ठेवलंय, यावर आता त्याचं पोट अवलंबून असतं.

या पोटाच्या काळजीवरच एक धंदा उभा राहिला आहे. ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट असं त्याचं भारदस्त नाव. काम तसं साधं असतं. कुठेही ग्राहकाचं नाव आलं की सूचना मिळेल अशी सोय लावायची. समाधानी गिऱ्हाइकांना रिव्ह्यू लिहायला सांगायचं. वाईट रिव्ह्यूला गोड उत्तर द्यायचं, जमल्यास तक्रार करून तो काढायला लावायचा. तेही जमलं नाही तर इतका नवा मजकूर ओतायचा की नको असलेली गोष्ट शोधाच्या दुसऱ्या पानावर ढकलली जाईल, जिथवर फारसं कुणी जात नाही. आणि शेवटचा उपाय वकिलाची नोटीस.

मला या धंद्याकडे समीक्षेच्या बाजूनं पाहायचं आहे, कारण त्याचा कच्चा माल समीक्षाच आहे. पुस्तकाच्या परीक्षणालाही रिव्ह्यू म्हणतात आणि खोलीतल्या गादीबद्दलच्या दोन ओळींनाही रिव्ह्यूच. आज मराठी माणूस आयुष्यात जी काही समीक्षा लिहितो, त्यातली बहुतेक गादीबद्दलची असते. तेव्हा ती कशी लिहिली जाते आणि तिला उत्तर कसं दिलं जातं, हा साहित्याच्या मासिकानं दुर्लक्ष करावा असा विषय नाही.

*

पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचून पाहा. सर्व्हिस छान, स्टाफ चांगला, जागा मस्त, एकदा नक्की भेट द्या. यात एकही गोष्ट अशी नाही जी फक्त त्या जागेबद्दल आहे. हेच वाक्य लोणावळ्याला चालेल, लातूरला चालेल, दंतवैद्याच्या दवाखान्यालाही चालेल. विशेषणं भरपूर, नाम एकही नाही. एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचायला जास्त बरा असतो. रागावलेल्या माणसाला तपशील आठवतात: पाणी किती वाजता गेलं, बिलात काय जास्त लावलं, काउंटरवरचा माणूस काय म्हणाला. पण राग वाढला की त्याचीही गाडी वस्तूवरून माणसावर येते. मालक कसा, कुठल्या लोकांचा, त्याची नियत कशी, इथपर्यंत ती पोचते आणि गादी बाजूलाच राहते.

आता त्याखालचं मालकाचं उत्तर. आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपल्याला पुन्हा सेवेची संधी मिळावी ही अपेक्षा. बहुतेकदा हे इंग्रजीत असतं आणि प्रत्येक तक्रारीखाली तेच असतं. तक्रार पाण्याची असो, झुरळाची असो की अपमानाची. हे गद्य ज्याला उद्देशून लिहिलंय त्याच्यासाठी ते नसतंच. ते असतं उद्या खोली शोधत येणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी, त्याला मालक सभ्य वाटावा म्हणून. आपल्याकडे याला जुनी म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. फरक इतकाच की त्या म्हणीतल्या सासूला सुनेची चूक तरी नेमकी माहीत असायची.

याच्या शेजारी गावातल्या खानावळीतलं एक वाक्य ठेवा. जेवता जेवता कुणीतरी विचारतं, “काकू, आज वरण पातळ केलं काऊन जी?” यात समीक्षा आहे. वस्तू कुठली ते स्पष्ट आहे, दोष नेमका आहे, रोजच्या वरणाशी तुलना आहे आणि ‘जी’ लावून माणसाचा मान राखलेला आहे. शिवाय ते प्रश्नाच्या रूपात आहे, म्हणजे उत्तराला जागा ठेवली आहे. डाळ महागली, माणसं वाढली, आज लक्ष नव्हतं, काहीही उत्तर येऊ शकतं. विचारणारा उद्याही तिथेच जेवणार असतो, म्हणून तो खोटं बोलत नाही आणि जास्तही बोलत नाही.

रिव्ह्यू लिहिणारा उद्या येणार नसतो. सगळा फरक इथून सुरू होतो.

*

ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाकडे भद्रावतीवरून रस्ता जातो. गेल्या काही वर्षांत त्या बाजूला राहण्याच्या लहानमोठ्या सोयी झाल्या. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद, म्हणजे कमाई उरलेल्या महिन्यांत करायची. अशा एखाद्या दोन-चार खोल्यांच्या घरमालकाचं गणित मांडून पाहू.

समजा, त्याला आतापर्यंत १० जणांनी रिव्ह्यू दिलेत आणि सगळे पाच ताऱ्यांचे. सरासरी ५. अकरावा पाहुणा येतो. दोन सफारी करतो, वाघ दिसत नाही, परत जाताना एक तारा देतो. वाघ घरमालकाच्या हातात नसतो, पण तारा त्याच्या नावावर पडतो. सरासरी आता ५१ भागिले ११, म्हणजे ४.६. ती परत ४.८वर न्यायची तर त्याला लागोपाठ ९ जणांकडून पाच तारे मिळवावे लागतील. दोन-चार खोल्यांच्या घराला हे कित्येक आठवड्यांचं काम आहे. तोच पाहुणा १००० रिव्ह्यू आणि ४.६ सरासरी असलेल्या मोठ्या रिसॉर्टला एक तारा देऊन गेला असता, तर आकडा ४.६च दिसत राहिला असता. कुणाला कळलंही नसतं.

म्हणजे सर्वांना सारखाच वाटणारा हा तराजू लहानाला जड आणि मोठ्याला हलका आहे. शिवाय मोठ्याकडे उत्तरं लिहायला, नजर ठेवायला, तक्रारी करायला पगारी माणूस असतो. लहान माणसाकडे रात्री झोपण्याआधीचा मोबाइल असतो. तो मग जवळचा मार्ग धरतो. मेहुण्याला, मित्राला, मुलाच्या वर्गमित्रांना सांगतो, पाच तारे टाका. किंवा ठरावीक पैशांत ठरावीक रिव्ह्यू देणाऱ्याला गाठतो. गूगलच्या नियमांत विकतचे रिव्ह्यू चालत नाहीत, इतकंच काय, फक्त खूश गिऱ्हाइकांना निवडून रिव्ह्यू मागणंही चालत नाही. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२मध्ये आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक आणलं. रिव्ह्यू देणारा खरा आहे का हे तपासावं, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. मात्र ते आणलं गेलं ते ऐच्छिक म्हणून. नियम आहेत, पण अकराव्या पाहुण्याच्या एका ताऱ्यानं घाबरलेल्या माणसाच्या कानावर ते पोचण्याआधी रिव्ह्यू विकणाऱ्याचा मेसेज पोचलेला असतो.

त्यानं काय करायला हवं होतं? मला वाटतं, खानावळीतल्या काकूंनी केलं असतं तेच. उत्तर द्यायला हवं होतं. ‘अमूल्य अभिप्राय’ न म्हणता, वस्तूचं नाव घेऊन. त्या दिवशी मोटर जळाली होती, पाणी दोन तास नव्हतं, चूक आमची, आता दुसरी टाकी बसवली आहे. किंवा: वाघ दिसला नाही याचं वाईट वाटतं, पण ते आमच्या हाती नाही, खोली आणि जेवण कसं होतं ते मात्र आपण लिहिलेलं नाही. अशी दोन वाक्यं वाचणारा तिसरा माणूस सरासरीपेक्षा त्या वाक्यांवर विश्वास ठेवतो, कारण ती फक्त त्याच घराबद्दलची असतात. पण विकत मिळणाऱ्या उत्तरात मोटर कधीच जळत नाही. त्यात फक्त गैरसोय होते.

*

कुणाबद्दल काय बोलावं याचा एक फार चांगला नियम आपल्या कायद्यात पडून आहे आणि समीक्षकांनीही त्याच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही. १८६०च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ४९९ अब्रुनुकसानीचं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आलं आहे. त्याला दहा अपवाद आहेत. सहावा अपवाद थेट आपल्या धंद्याचा आहे. जी कृती कर्त्यानं स्वतःहून लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली आहे, तिच्या गुणदोषांबद्दल आणि त्या कृतीत दिसतं तेवढ्यापुरतं कर्त्याबद्दल, सद्भावनेनं मत देणं ही अब्रुनुकसानी नाही. पुस्तक छापणारा, जाहीर भाषण करणारा, रंगमंचावर गाणारा किंवा अभिनय करणारा, हे सगळे आपली कृती लोकांपुढे ठेवतात.

खाली दिलेली उदाहरणं आणखी मोलाची आहेत. एखाद्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्याअर्थी लिहिणारा दुबळ्या मनाचा असला पाहिजे, असं कुणी म्हटलं तर ते अपवादात बसतं. पण पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, कारण लिहिणाराच दुबळा आणि बदफैली आहे, असं म्हटलं तर बसत नाही. कारण दुसरं मत पुस्तकावर उभं नाही. पुस्तकाकडून माणसाकडे जायची मुभा आहे. माणसाकडून पुस्तकाकडे यायची नाही. आणि जे लोकांपुढे ठेवलेलंच नाही, त्यावर या अपवादाखाली बोलायचा अधिकारच नाही.

या मापानं पाहिलं तर रिव्ह्यूंचा पसारा दोन भागांत सरळ पडतो. खोली, ताट, बिल, शिकवणीचा वर्ग, हे पैसे घेऊन लोकांपुढे ठेवलेलं आहे. त्यावर बोला, कडक बोला. मालकाची जात, त्याच्या मुलीचं लग्न, त्याचा जुना भाऊबंदकीचा खटला, हे पुढे ठेवलेलं नाही. रागावलेला रिव्ह्यू ही रेघ ओलांडतो. आणि नाव सांभाळून देणारा धंदा ती दुसऱ्या बाजूनं पुसतो. रेघेच्या अलीकडची, हक्काची, वस्तूबद्दलची टीकाही तो दुसऱ्या पानावर ढकलायला बघतो.

जुना काळ सोन्याचा होता असं मात्र समजू नये. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातला एक गाजलेला खटला अब्रुनुकसानीचाच आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१मध्ये सुरू झाले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना कारभारी माधवराव बर्वे छळतात असा आरोप त्यांनी केला. ज्या पत्रांच्या आधारे तो केला, ती बनावट निघाली. बर्व्यांनी फिर्याद लावली. आगरकर आणि टिळकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला, १०१ दिवसांनी, ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. त्या दिवसांची हकिगत आगरकरांनी पुस्तकात लिहिली आणि पुस्तकाच्या नावातच तो १०१चा आकडा ठेवला.

या खटल्यात कुणाची बाजू किती बरोबर होती हा वेगळा विषय. मला त्यात दिसतं ते असं: आरोप कुणी केला हे माहीत होतं, कशाच्या आधारे केला हे तपासता आलं, आधार खोटा निघाला तेव्हा माफी मागितली गेली, शिक्षा झाली आणि ती संपली. ज्याची बेअब्रू झाली त्याला न्यायालयात उभं राहता आलं. ज्याला शिक्षा झाली त्यानं तुरुंगात गेल्याचं लपवलं नाही. त्याचं पुस्तक केलं. नाव सांभाळण्याची ही जुनी रीत महाग होती, आणि ती सत्तेच्या जवळच्या माणसाला जास्त परवडणारी होती, हेही खरं. पण तिला शेवट होता.

*

इंटरनेटवर शेवट नसतो, आणि याचा जास्त फटका धंद्यांपेक्षा माणसांना बसतो.

नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन-चार वाक्यं लिहिली, तिच्या मैत्रिणीनं ती लाइक केली. दोघींना अटक झाली, नातेवाइकाचा दवाखाना फोडला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ त्यामुळे देशभर चर्चेत आलं आणि सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं. कायदा गेला. त्या दोघींची नावं मात्र आजही त्या एका आठवड्याला चिकटलेली आहेत. ती नावं इथं लिहिली नाहीत तरी लेखाचं काही अडत नाही. ती न लिहिणं हीसुद्धा नाव सांभाळण्याचीच एक रीत आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

युरोपात याच प्रश्नावर १३ मे २०१४ रोजी मोठा निकाल लागला. मारियो कोस्तेखा गोन्झालेझ या स्पॅनिश माणसाचं घर १९९८मध्ये थकबाकीपायी लिलावात निघालं होतं. त्याची नोटीस वर्तमानपत्रात आली होती. देणं फिटून वर्षं उलटली तरी त्याचं नाव शोधलं की ती नोटीस पहिल्यांदा दिसायची. न्यायालयानं सांगितलं, वर्तमानपत्रातली नोटीस राहू द्या, पण नाव शोधल्यावर तो दुवा दाखवू नका. कागद जपायचा, बोट दाखवायचं नाही, हा तो फरक. गंमत अशी की विसरलं जाण्यासाठी लढलेला हा माणूस आता त्या लिलावासाठीच जगभर ओळखला जातो.

आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आला आहे. तालुक्याच्या गावाचा प्रश्न मात्र त्याहून साधा आणि त्याहून अवघड आहे. कुणा पोराला मारामारीच्या गुन्ह्यात पकडलं, तर स्थानिक पोर्टलवर संध्याकाळी फोटोसकट बातमी येते. चार वर्षांनी तो निर्दोष सुटतो, तेव्हा कुणी येत नाही. पहिली बातमी खोटी नसते. त्याला पकडलं होतं हे खरंच. ती फक्त अर्धी असते आणि उरलेला अर्धा भाग कधीच छापला जात नाही. वर्तमानपत्राचा कागद रद्दीत जायचा, त्यात भजी बांधली जायची, गाव हळूहळू विसरायचं. आता नोकरी देणारा आधी नाव शोधतो.

अशा पोरानं नाव सांभाळून देणाऱ्याला पैसे दिले, तर मी त्याला दोष देणार नाही. त्यानं काहीही लोकांपुढे ठेवलेलं नव्हतं. दोष द्यायचा तर बातमीचा दुसरा अर्धा भाग न छापणाऱ्याला द्यावा. हा धंदा बेईमान आहे असं म्हणून म्हणूनच भागत नाही. जो झाकायला नको ते झाकतो आणि ज्याच्यावर पांघरूण घालायला हवं तो ज्याला परवडत नाही, या दोघांना तो एकाच दरपत्रकात बसवतो, ही त्याच्यावरची खरी टीका आहे.

*

आमच्या जिल्ह्यालाही एकदा असा आकडा मिळाला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला १००पैकी ८३.८८ गुण मिळाले, देशात चौथा क्रमांक. ७०च्या वर गेलेले ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले आणि जानेवारी २०१०मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली. जिल्ह्याचं नाव खराब झालं, असं तेव्हा म्हणणारे होते. पण हवा, पाणी आणि जमीन मोजून तो आकडा आला होता. तो खाली आणायचा तर धूर कमी करणं एवढाच प्रामाणिक उपाय होता. ज्या नावं ठेवण्यानं धूर कमी करावा लागतो, ते नावं ठेवणं जिल्ह्याच्या भल्याचंच असतं.

भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघामुळे मातीकामाला वेगळं नाव मिळालं. मडकं घेताना आपण काय करतो? ते हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवतो. टणटणीत आवाज आला तर पक्कं, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. कुंभार समोर बसलेला असतो, तोही ऐकतो. बद्द आवाज आला तर तो वाद घालत नाही, ते बाजूला ठेवून दुसरं पुढे करतो. मडक्याला नाव ठेवलं जातं, कुंभाराचं नाव शाबूत राहतं, आणि पुढच्या भट्टीला काय सांभाळायचं हे त्याला कळलेलं असतं.

तारे वाजवून पाहता येत नाहीत. म्हणून यापुढे कुठेही दोन ओळी लिहिताना एवढं तरी करता येईल: वस्तूचं नाव घ्यायचं, दोष नेमका सांगायचा, माणसाला ‘जी’ लावायचं आणि उत्तराला जागा ठेवायची. आणि आपल्याबद्दल कुणी तसं लिहिलं, तर ते दुसऱ्या पानावर ढकलायच्या आधी एकदा आपलं मडकं वाजवून पाहायचं.